बास्क किनारा गाडीने: भरती-ओहोटी पाहून आखलेले नऊ दिवस

उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशात बिल्बाओ ते सान सेबास्तियान हे अंतर साधारण १०० किलोमीटर आहे. मोटरवेने सव्वा तास पुरतो. नकाशावर एवढंसं अंतर दिसलं की बरेच जण बास्क किनाऱ्यासाठी दोनच दिवस ठेवतात आणि उरलेले बार्सिलोना-माद्रिदला देतात. माझं ऐका, उलट करा. ही दोन शहरं सोडून मधली बंदरं, डोंगरातली शेतघरं आणि सीमेपलीकडची फ्रेंच बास्क गावं पाहायची असतील, तर गाडी हवी आणि निदान नऊ दिवस हवेत. त्यातही रोज थोडंच चालवायचं.

इथला दिवस किलोमीटरवर आखायचा नसतो. समुद्राचं पाणी कधी उतरतं आणि जेवणघरं कधी उघडतात, या दोन गोष्टींवर तो ठरतो. कोकणात ज्यांचं बालपण गेलं त्यांना यातली पहिली गोष्ट समजावून सांगायला नको. बिस्केच्या उपसागरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. सकाळी जिथे वाळूवर चाललात, तिथे दुपारी कड्याला लाटा लागलेल्या असतात.

तारखा ठरवताना पंचांग उघडा

जून किंवा सप्टेंबर निवडा. ऑगस्टमध्ये सगळा स्पेन याच किनाऱ्यावर सुट्टीला येतो, पार्किंग मिळत नाही आणि खोल्यांचे दर डोक्यावरून जातात. पाऊस मात्र कुठल्याही महिन्यात येतो. इथल्या बारीक भुरभुरीला ‘सिरिमिरी’ म्हणतात. छत्रीपेक्षा पातळ रेनकोट बरा.

महिना ठरला की पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस सुमाया या कड्यांच्या किनारगावातल्या मुक्कामात येतील असं बघा. या किनाऱ्यावर उन्हाळ्यात त्या दिवसांतली मोठी ओहोटी साधारण सकाळी अकरा-बाराच्या सुमारास येते. म्हणजे आरामात नाश्ता करून खडकांवर उतरता येतं. पुढे रोज पाऊण तासाहून थोडी जास्त उशिरा येत जाते. नेमक्या वेळा बंदराच्या तक्त्यात मिळतात. स्पॅनिशमध्ये भरतीला ‘प्लेआमार’ आणि ओहोटीला ‘बाखामार’ म्हणतात, एवढे दोन शब्द लक्षात ठेवा.

आठवड्याचे वारही महत्त्वाचे. तोलोसाचा बाजार शनिवारी आणि गेर्निकाचा सोमवारी भरतो. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि रविवारी दुकानं. म्हणून मी आखणी अशी करते: शनिवारी बिल्बाओला उतरायचं, रविवार-सोमवार शहर पायी आणि मेट्रोने पाहायचं, गाडी मंगळवारी सकाळी घ्यायची आणि पुढच्या बुधवारी परत करायची. उतरल्या-उतरल्या, झोप झालेली नसताना, परक्या देशात उजव्या बाजूने गाडी चालवायला घेऊ नका. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

कागदपत्रं आणि गाडी

भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओकडून मिळतो आणि एक वर्ष चालतो. दोन्ही मूळ प्रती जवळ ठेवा. बहुतेक रात्री स्पेनमध्ये काढणार असाल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज स्पेनकडे करायचा. फ्रान्सच्या बाजूला जायला वेगळा व्हिसा लागत नाही, पण पोलीस अधूनमधून तपासणी करतात, तेव्हा पासपोर्ट खोलीवर ठेवून जाऊ नका.

गाडी बुक करताना चार गोष्टी आधीच विचारून घ्या. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावावर हवं का? बहुधा हवंच असतं. गाडी ऑटोमॅटिक आहे का? न विचारता मिळणारी गाडी बहुधा गिअरची असते, आणि उजव्या हाताने गिअर टाकत घाट चढणं पहिल्या दिवशी जड जातं. फ्रान्समध्ये नेण्याची परवानगी लेखी मिळेल का? आणि अपघात झाला तर आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती रक्कम जाईल? गाडी छोटीच घ्या. चार माणसं आणि दोन मोठ्या बॅगा मावल्या की पुरे. जुन्या बंदरांतल्या गल्ल्या माणसांसाठी आणि जाळ्यांसाठी बांधलेल्या आहेत.

ताब्यात घेताना चारही बाजू, चाकांच्या रिम आणि काचा यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. इंधन कुठलं ते झाकणावर पाहा: युरोपभर पेट्रोलचं चिन्ह गोल असतं आणि डिझेलचं चौकोनी. ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गासोलेओ’ म्हणजे डिझेल. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मागे, चाइल्ड सीटवर बसवणं बंधनकारक आहे. ती सीट आधीच मागून ठेवा.

उजव्या बाजूची सवय

लोकांना चौकाची भीती वाटते, पण खरी चूक रिकाम्या रस्त्यावर होते. माझी अशीच झाली. सकाळी सातला पेट्रोल पंपातून बाहेर पडले, समोर एकही गाडी नव्हती आणि हात सवयीने डाव्या बाजूला वळले. शेजारी बसलेली बहीण ओरडली म्हणून निभावलं. तेव्हापासून नियम केला आहे: पंप, पार्किंग किंवा एकेरी गल्लीतून बाहेर पडताना शेजारच्याने मोठ्याने “उजवी” म्हणायचं. नऊ दिवस, दर वेळी.

सर्कलमध्ये गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं असतं. सिग्नल लाल असताना उजवीकडे वळायला मुभा नाही. वेगाची मर्यादा, ताशी किलोमीटरमध्ये: मोटरवेवर स्पेनमध्ये १२०, साध्या रस्त्यांवर ९०, आणि गावात दोन्ही दिशांना एकेकच लेन असेल तर ३०. फ्रान्समध्ये मोटरवेवर १३०, पावसात ११०, साध्या दुपदरी रस्त्यांवर ८०. शिवाय फ्रेंच खेड्यांत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं, मग तो कितीही छोट्या गल्लीतून येत असो. सायकलस्वारांना ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं. हा सायकलवेड्यांचा प्रदेश आहे, घाटात दर वळणामागे कुणीतरी असतंच. अडचणीत ११२ वर फोन करायचा.

आता दिशेबद्दल. बहुतेक आखण्या बिल्बाओकडून पूर्वेला जातात. मी उलट सुचवते. पहिल्याच दिवशी एपी-८ या टोलच्या मोटरवेने थेट पूर्वेच्या टोकाला, ओंदारिबियाला जायचं आणि मग किनाऱ्याने हळूहळू पश्चिमेला परतायचं. याला दोन कारणं आहेत. मोटरवेवर समोरून कुणी येत नाही, त्यामुळे नव्या बाजूची सवय करायला तो सर्वांत सोपा रस्ता. आणि समुद्र उत्तरेला आहे, वाहतूक उजवीकडून चालते, म्हणजे पश्चिमेला जाताना आपली लेन समुद्राच्या कडेची असते. शेजारी बसलेल्याला पाणी थेट खाली दिसतं आणि थांब्यांवर वळायला समोरची वाहतूक तोडावी लागत नाही. टोल कार्डने भरता येतो. पाटीवर ‘पेआखे’ किंवा बास्कमध्ये ‘बिदेसारिया’ लिहिलेलं असतं.

पाट्या दोन भाषांत असतात आणि गावांना दोन-दोन नावं. सान सेबास्तियान म्हणजे दोनोस्तिया, बिल्बाओ म्हणजे बिल्बो, सें-झाँ-द-ल्यूझ म्हणजे दोनिबाने लोहिसुने. नॅव्हिगेशन एक नाव बोलतं आणि पाटी दुसरं दाखवते, म्हणून जोड्या आधीच लिहून ठेवा. वाचायची युक्ती सोपी आहे: रोमन टी आणि एक्स एकत्र आले की ‘च’, नुसता एक्स ‘श’, झेड ‘स’. ‘इर्तेएरा’ म्हणजे बाहेर पडण्याचा फाटा, ‘होंदार्त्सा’ म्हणजे पुळण, ‘अपार्कालेकुआ’ म्हणजे पार्किंग, ‘कोंतुस’ म्हणजे सावधान. ही भाषा, एउस्कारा, जगातल्या दुसऱ्या कुठल्याही जिवंत भाषेची नातलग असल्याचं सिद्ध झालेलं नाही. दुकानात शिरताना ‘काइशो’ आणि निघताना ‘एस्केरिक आस्को’ म्हणालात की समोरचा चेहरा उजळतो. हे मी दर गावात पाहिलं.

मंगळवार ते शुक्रवार: ओंदारिबियाचा मुक्काम

तटबंदीच्या आतलं जुनं गाव आणि खाली रंगीत गॅलऱ्यांच्या घरांची कोळीवस्ती, असं ओंदारिबियाचं रूप आहे. गाडी तटाबाहेर लावा. समोर बिदासोआ नदी आणि पलीकडे फ्रान्समधलं एन्दाय. छोट्या होडीने काही मिनिटांत पलीकडे जाता येतं. याच नदीत फेझंट बेट नावाचा चिमुकला तुकडा आहे. त्याच्यावर सहा महिने स्पेनचा आणि सहा महिने फ्रान्सचा ताबा असतो. १६५९ साली दोन राजांचा तह तिथे झाला.

बुधवार फ्रेंच गावांसाठी. सार गावाजवळच्या घाटमाथ्यावरून १९२४ पासून चालणारी दातेरी रुळांची लाकडी डब्यांची गाडी ला रून डोंगरावर नेते. डोंगर ९०५ मीटर, प्रवास सुमारे ३५ मिनिटांचा. सकाळची पहिली फेरी धरा, नंतर रांग लागते आणि ढगही उतरतात. वर ढग असतील तर खुशाल सोडून द्या आणि ऐनोआ, एस्पलेत ही गावं पाहा: पांढऱ्या भिंती आणि तांबडी नाहीतर हिरवी लाकडं. शरद ऋतूत एस्पलेतच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत घातलेल्या असतात. आपल्याला ते दृश्य ओळखीचं वाटतं, पण मिरची तिखटाच्या बाबतीत अगदी सौम्य आहे आणि वासाला गोड. परतताना सें-झाँ-द-ल्यूझला थांबा. १६६० साली चौदाव्या लुईचं लग्न इथल्या चर्चमध्ये झालं. आत चढत जाणाऱ्या लाकडी गॅलऱ्या नक्की पाहा.

गुरुवारी हाइस्किबेलचा घाट. ओंदारिबियाहून वर ग्वादालूपेचं देऊळवजा चर्च लागतं आणि मग रस्ता डोंगराच्या पाठीवरून जातो, खाली नुसता समुद्र. पलीकडे उतरलं की पासाया हे बंदर लागतं. त्यातल्या दोनिबाने वस्तीला एकच अरुंद गल्ली आहे, गाडी वेशीबाहेरच ठेवायची. तिथून होडीने खाडी ओलांडून सान पेद्रोला गेलात की अल्बाओला हा लाकडी जहाजांचा कारखाना आहे. १५६५ साली कॅनडाच्या किनाऱ्यावर बुडालेल्या सान हुआन या बास्क देवमासा-शिकारी जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती इथे जुन्याच पद्धतीने बांधली गेली. ओकच्या फळ्यांचा वास, हाताने वळलेले दोर, तागाची बुजवण. ज्यांनी रत्नागिरीकडे होड्या बांधताना पाहिल्या आहेत त्यांचा इथून पाय निघत नाही.

शुक्रवारी गाडीला विश्रांती द्या. सान सेबास्तियानला गाडी नेणं म्हणजे पार्किंगच्या शोधात तास घालवणं. इरून किंवा एन्दायहून ‘तोपो’ नावाची लोकल थेट शहरात नेते. ला कोंचाच्या अर्धचंद्र पुळणीवरून चालत पश्चिम टोकाला जा. तिथे चियीदा या शिल्पकाराची लोखंडी शिल्पं खडकात रोवलेली आहेत. भरतीच्या वेळी गेलात तर फरसबंदीतल्या भोकांमधून लाटांची हवा आणि पाणी फुत्कारत वर येतं. संध्याकाळ जुन्या गावातल्या पिंचोंच्या, म्हणजे पावावर मांडलेल्या छोट्या खाण्यांच्या, बारांमध्ये.

शाकाहाऱ्यांसाठी, मोकळेपणाने

हा प्रदेश मासे आणि मांसाचा आहे. नुसतं ‘वेखेतारियाना’ म्हणून भागत नाही, कारण टुना आणि हॅम अनेकांच्या हिशेबी मांसात धरले जात नाहीत. “सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन आतून” असं एकेक नाव घेऊन सांगा. बटाट्याचं जाड आम्लेट, म्हणजे तोर्तिया, अंडं खाणाऱ्यांना सगळीकडे मिळतं. गेर्निकाच्या छोट्या हिरव्या मिरच्या तेलात तळून, वर जाडं मीठ भुरभुरून येतात. रानातल्या अळिंब्या, इदियासाबाल चीज आणि पाव मिळून चांगलं जेवण होतं. मेंढीच्या दुधाचं ‘मामिया’ मधाबरोबर खातात. चव-पोत पाहिला तर आपल्या खरवसाची आठवण येईल, मात्र ते विरजायला परंपरेने जनावराच्या जठरातलं रेनेट वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी चीजही विचारूनच घ्यावं.

वेळा पाळा. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं साडेआठनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघरं बंद असतात आणि भुकेली मुलं बरोबर असतील तर दिवस बिघडतो. गाडीत पाव, फळं आणि चीज कायम असू द्या. आणि चाकोली ही इथली हलकी फेसाळ वाइन असो वा सफरचंदाची सागारदोआ, गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी ग्लासला हात लावू नये.

शनिवार: डोंगरातला दिवस

किनारा सोडून तोलोसाला जा. ओरिया नदीकाठच्या छपराखाली शनिवारी सकाळी आसपासचे शेतकरी माल मांडतात. इथला काळसर घेवडा प्रसिद्ध आहे. तो न भिजवता मंद आचेवर शिजवतात. हॉटेलात तो रक्ताच्या सॉसेजबरोबर वाढतात, तेव्हा शाकाहाऱ्यांनी बाजारातून कोरडा घेऊन खोलीवर शिजवावा.

तिथून एर्रेसिलमार्गे आस्पेइतियाचा वळणांचा रस्ता धरा. उतारांवर मेंढ्या, सफरचंदाच्या बागा आणि ‘बासेरी’ म्हणतात ती शेतघरं. एकाच मोठ्या दुपाखी छपराखाली गोठा, घर आणि माळ्यावर गवत. नॅव्हिगेशन इथे जवळची वाट म्हणून शेतातल्या एकेरी रस्त्यावर पाठवतं. ऐकू नका, मुख्य रस्त्यावर राहा.

आस्पेइतियाला लागून लोयोला आहे. १४९१ साली इग्नेशियस लोयोला ज्या दगडी घरात जन्मला, ते घर तसंच ठेवून त्याच्याभोवती भव्य बॅसिलिका उभी आहे. त्याने स्थापलेल्या जेझुइट संघातल्या पहिल्या सोबत्यांपैकी एक होता फ्रान्सिस झेवियर, ज्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जीझसमध्ये आहे. झेवियरचा जन्म १५०६ साली शेजारच्या नवार्रातल्या हाविएर किल्ल्यात झाला. मला लोयोलाच्या त्या घरात उभं राहिल्यावर मांडवीचं पाणी आठवत राहिलं. गोव्याचा इतिहास ज्यांना जवळचा आहे त्यांनी एक दिवस वाढवून, पाम्प्लोनाच्या पुढे सुमारे ५० किलोमीटरवरचा तो किल्लाही पाहावा. लोयोलाहून उरोला नदीच्या काठाने वीसेक किलोमीटरवर समुद्र आणि सुमाया.

रविवार: खडकांची पानं

सगळ्या सहलीत एकच दिवस मिळाला तर मी हा निवडेन. ओहोटीच्या दोन तास आधी सुमायाच्या इत्सुरून पुळणीवर उतरा. कडे म्हणजे उभी केलेली वही वाटते: चुनखडी आणि गाळाचे हजारो थर, समुद्रतळाशी साचलेले आणि मग पर्वत उचलले जाताना तिरके झालेले. मुत्रिकू, देबा आणि सुमाया मिळून हा युनेस्कोचा जिओपार्क आहे. यातल्या एका पातळ काळ्या थरात इरिडियम सापडतं. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उल्का आदळली आणि डायनॉसोर संपले, त्या वेळची ती खूण. त्याच सुमारास आपल्याकडे लाव्हा वाहत होता आणि सह्याद्रीचा काळा कातळ घडत होता. इथल्या त्या थरावर बोट ठेवलं की घराचा इतिहास हाताला लागतो.

शेवाळलेला खडक निसरडा असतो, रबरी तळव्याचे बूट घाला. पाणी वळलं की आपणही वळायचं, फोटोसाठी थांबायचं नाही. परत वर आल्यावर सान तेल्मोच्या चॅपेलपासून कड्यांचं पूर्ण दर्शन होतं. बोटीतून दाखवणाऱ्या फेऱ्याही आहेत, जागा आधी राखून ठेवा.

दुपारनंतर एन-६३४ या जुन्या रस्त्याने गेतारियावरून सारौत्सला जा आणि तिथल्या सर्कलला वळसा घालून परत या. जाताना डोंगराकडची लेन, येताना समुद्राची. सारौत्स-गेतारिया हे चार-पाच किलोमीटर अगदी पाण्याला खेटून आहेत आणि बाजूने पायवाटही आहे. उधाण आणि वारा एकत्र आले तर लाटा रस्त्यावर येतात, तेव्हा थांबा. गेतारियात पृथ्वीप्रदक्षिणा १५२२ साली पूर्ण करून परतलेल्या एल्कानोचा पुतळा आणि फॅशनकार बालेन्सियागाचं संग्रहालय आहे. मासे खाणाऱ्यांनी दारासमोरच्या शेगडीवर भाजलेला टर्बट इथेच खावा.

सोमवार ते बुधवार: गेर्निका आणि पश्चिम किनारा

सोमवारी सकाळी मोटरवेने तासाभरात गेर्निका गाठा. २६ एप्रिल १९३७ ला या गावावर बॉम्ब पडले, तोही सोमवारच होता, बाजाराचा दिवस. बाजार आजही भरतो. आधी भाज्यांच्या टोपल्यांमधून फिरा, मग सभागृहाजवळचं ओकचं झाड पाहायला जा. त्याच्या पूर्वज झाडाखाली बिस्काइया प्रांताचे प्रतिनिधी सभा भरवत. आजचं झाड त्याच वंशातलं, आणि जुन्या खोडाचा वठलेला भाग शेजारी जपून ठेवला आहे.

मुक्काम उर्दाइबाईच्या खाडीजवळच्या एखाद्या बासेरीत करा. अशा घरगुती निवासाला ‘नेकासालतुरिस्मोआ’ म्हणतात. पोहोचण्याची वेळ आधी कळवा आणि उजेडात पोहोचा, चढाचे रस्ते अरुंद असतात. मंगळवारी एलांचोबे आणि लेकेइतियो. एलांचोबेत जागा इतकी कमी आहे की बस फिरत्या चकतीवर वळवतात. वरच गाडी लावून पायऱ्यांनी बंदरात उतरा. लेकेइतियोला ओहोटीच्या वेळी बांधावरून समोरच्या बेटावर चालत जाता येतं. परतीची वेळ फोनवर गजर लावून पाळा.

बुधवारी गास्तेलुगाचे. समुद्रातल्या खडकावर चॅपेल, दगडी पूल आणि २४१ पायऱ्या. गर्दीच्या काळात मोफत पण आगाऊ नोंदणी लागते. पार्किंगपासून उतार तीव्र आहे आणि परतीला तोच चढ, गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या थांब्यावरूनच पाहावं. माझ्या आईने तसंच केलं आणि तिला तो नजारा आमच्यापेक्षा जास्त वेळ मिळाला. वर पोहोचलात तर घंटा तीनदा वाजवायची रीत आहे.

विमानतळावर जाण्याआधी गेचोला वळा. १८९३ सालचा बिस्काइयाचा पूल तिथे आहे. उंच लोखंडी कमानीला तारांनी टांगलेला पाळणा गाड्या आणि माणसं घेऊन नदी ओलांडतो, खालून जहाजांची वाट मोकळी ठेवून. थोडंसं भाडं देऊन गाडी पाळण्यात चढवा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. दीड-दोन मिनिटांत पोर्तुगालेते. पलीकडे टाकी भरून घ्या, पावती जपून ठेवा आणि त्याच पाळण्याने परत येऊन विमानतळाचा रस्ता धरा.